एकटी आणि लेकुरवाळी

माझ्या सासूबाईंनी माझ्या प्रयोगाची ओटी भरली, तेव्हा मी वसईला मीटिंगमध्ये होते. परत येऊन वाडीतल्या जाळीघराचं दार उघडलं आणि बघतच राहिले. आत केळीच्या दोन रांगा. उजवीकडच्या रांगेत प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी हळदकुंकू, मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड. पहिल्या झाडाला तर चक्क हिरवा खण गुंडाळलेला आणि पुढ्यात नारळ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला धक्का नको.

“आई!” मी तिथूनच ओरडले.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, ज्योत्स्ना सावे. मागच्या दारात आल्या, हातात उलथनं तसंच.

“ओरडतेस कशाला गो? मीच भरली.”

“प्रयोगाच्या झाडांची ओटी?”

“मग काय करू? डावीकडच्या रांगेत बघ, एकेकीच्या भोवती चार-चार मुनवे. आणि ह्या उजवीकडच्या बिचाऱ्या! घड एवढाले टाकतात, पण शेजारी एक कोंब म्हणून नाही. माझ्याच्याने बघवेना.”

मुनवा म्हणजे केळीच्या बुंध्यालगत जमिनीतून वर येणारं तिचं पिल्लू. प्रयोगशाळेत ह्या दोन रांगांना आम्ही रुक्ष आकडे दिले होते. मुनवे फुटले त्याच आठवड्यात आईंनी त्यांचं बारसं केलं. मुनव्यांनी वेढलेली ती लेकुरवाळी, आणि बिनमुनव्याची ती एकटी. आता आमचे बोंद्रे सरसुद्धा तीच नावं घेतात.

“आई, एकटीला मुनवे येणारच नाहीत. मी तिला तशीच केलीय. सांगितलं होतं ना?”

“सांगितलंस. पण करून बघायला काय जातं?”

लग्नाला चार वर्षं झाली होती आणि आम्हाला मूल नव्हतं, आम्हीच थांबलो होतो. त्यामुळे मला वास आला तो टोमण्याचा. मी विचारून टाकलं, “ही ओटी केळीची होती की माझी?”

“तुझी भरायची असती तर तुला पाटावर बसवून भरली असती. तुला घाबरते की काय मी?”

मी वाकून तांदूळ वेचायला लागले आणि मग मला ती माती दिसली. आमची झाडं वाफेने शिजवून निर्जंतुक केलेल्या मातीत, मोठाल्या कुंड्यांत लावलेली. ती माती फिकट. तिच्यावर दोन्ही रांगांत, सगळ्या कुंड्यांत, काळ्या मातीची एकेक मूठ पडलेली होती.

“ही कुठली माती?”

“विहिरीजवळची, आपल्या जुन्या केळीच्या बेटाची. ओटीत माहेरची माती नको? आणि मग लेकुरवाळीलाही घातली. भेदभाव कशाला?”

मी तिथेच खाली बसले. विहिरीजवळच्या त्या मातीत मर होता.

हे नीट सांगायला हवं. आमचं गाव आगाशी. आमच्या ह्या पट्ट्यात राजेळी केळ व्हायची, लांब, कोनेदार, पिकली की सालीने काळी पडणारी. तिची साल काढून ती उन्हात वाळवायची, मधाच्या रंगाची झाली की वाळक्या केळीच्या पानात घट्ट बांधायची. ती सुकेळी. सासूबाईंचा सगळा संसार त्या सुकेळीवर उभा राहिला. सासरे लवकर गेले. निनादचं शिक्षण, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, आणि मिहिकाचं, म्हणजे माझ्या नणंदेचं, अंगणातल्या त्या चटयांवर वाळत घातलेल्या केळ्यांनी केलं. डिसेंबर-जानेवारीत आमच्या घरात शिरलं की कपड्यांना, उशांना, पुस्तकांना तोच गोड वास यायचा, असं निनाद सांगतो. मी लग्न होऊन आले तेव्हा तो वास गेलेला होता.

कारण त्याआधी मर आला. ही एक बुरशी. जमिनीतून मुळात शिरते, खोडात पाणी चढण्याच्या नळ्या बुजवते. खालची पानं पिवळी पडतात, देठाशी मोडून घागऱ्यासारखी लोंबतात, आणि झाड उभ्या उभ्या तहानेने मरतं. औषध नाही. झाड गेल्यावरही बुरशी त्या मातीत कित्येक वर्षं दबा धरून बसते. दोन-तीन हंगामांत आमच्या पट्ट्यातल्या राजेळीची बेटंच्या बेटं बसली. सासूबाईंनी चटया गुंडाळून माळ्यावर टाकल्या.

आता कुणी विचारेल, दुसऱ्या एखाद्या चिवट जातीशी संकर का नाही केला? तर केळीला बी नसतं. आपण खातो त्या केळीच्या पोटात ते काळे ठिपके असतात ना, तेवढीच बियांची आठवण उरलेली. बी नाही म्हणजे लग्न लावणं नाही. प्रत्येक केळ ही आईचाच तुकडा, मुनवा होऊन वेगळा झालेला. आईत जो कमकुवतपणा, तोच लेकीत.

म्हणून आम्ही पेशींपासून सुरुवात करतो. घडाच्या टोकाला जांभळं केळफूल लोंबतं. त्याची एकेक पाकळी सोलत आत जायचं, अगदी नखाएवढा गाभा उरेपर्यंत. त्या गाभ्यात, सूक्ष्मदर्शकाखाली, न उमललेल्या फुलांच्या रांगा दिसतात. त्या कापून अन्नद्रव्याच्या जेलीवर ठेवायच्या. महिनोन्महिने काही होत नाही. बहुतेक तुकडे काळे पडून मरतात. पण एखाद्यावर पांढरी, रवाळ गाठ येते. त्या गाठीतल्या पेशी आपण फूल होतो हे विसरलेल्या असतात. काहीही व्हायला तयार. त्या पातळ द्रावणात घालून फ्लास्क रात्रंदिवस फिरत ठेवायचे. एका फ्लास्कमध्ये लाखो पेशी आणि त्यातली प्रत्येक पेशी आख्खं केळीचं झाड होऊ शकते. बदल करायचा तो अशा एकेका पेशीत, म्हणजे तिच्यातून उगवणारं झाड मुळापासून शेंड्यापर्यंत बदललेलं येतं.

विहिरीजवळचं आमचं बेट शेवटचं गेलं. ते जायच्या आधी बोंद्रे सर त्याचं केळफूल मागायला आले होते. मी तेव्हा त्यांच्या हाताखाली नवीन होते, पिशवी धरून मागे उभी. निनादने शिडीवर चढून फूल कापून दिलं आणि माझा फोन नंबर घेतला. तर एका अर्थी माझं लग्नही त्याच केळफुलाने जमवलं.

मराशी लढणारं जनुक रानकेळीत जागं असतं. राजेळीतही ते आहे, पण झोपलेलं. आम्ही ते जागं केलं, ती लेकुरवाळी. एकटीत आणखी एक बदल आहे. केळीच्या कंदावर डोळे असतात, त्यातून मुनवे फुटतात. ते डोळे आम्ही झोपवले. तिची सगळी ताकद घडात जाते, घड दीडपट भरतो आणि मुनवे छाटायची मजुरी वाचते. पण खरं कारण वेगळं होतं. मला शंका होती की लेकुरवाळी स्वतः मरणार नाही, पण बुरशी पोटात घेऊन निरोगी दिसत राहील. आणि तिचा मुनवा कुणी नेऊन लावला, तर तो शेजारची केळी मारेल.

सरकारी समितीने सांगून ठेवलं होतं की दोन्हीपैकी एकच वाण पुढे न्यायचा, दुसऱ्याच्या पेशी नष्ट करायच्या. कुठला, ते आमच्या बागायतदारांच्या सहकारी प्रयोगशाळेने कळवायचं. म्हणजे मी.

आणि सासूबाईंना लेकुरवाळी हवी होती. कारण सावेंच्या घरातून लेक सासरी निघाली की तिच्याबरोबर विहिरीजवळच्या बेटाचा एक मुनवा जातो, बुंध्याशी तिथलीच मूठभर माती बांधून. त्यांच्या चारही नणंदांना त्यांनी स्वतः खणून दिला होता. आता मार्गशीर्षात मिहिकाचं लग्न ठरलेलं, मुलगा चौलचा. मुनवा कुठून द्यायचा?

“मला मुनवा नको, आई. मला चांगला मिक्सर दे,” मिहिका म्हणायची. ती फिजिओथेरपिस्ट, लोकांचे गुडघे वाकवता वाकवता सगळ्यांची चेष्टा करायची सवय लागलेली.

“मिक्सर कुणीही देतं,” आई म्हणायच्या, आणि माझ्याकडे बघायच्या.

तर त्या ओटीबद्दल मी सरांना त्याच दिवशी सांगितलं. बोंद्रे सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“बुरशीची चाचणी आपण पुढच्या वर्षी करणार होतो ना? तुमच्या सासूबाईंनी ह्या वर्षी घेतली,” ते म्हणाले. “समितीला खरं ते कळवा. दार बंद ठेवा आणि बघा काय होतं.”

समितीने जाळीघराला नवं कुलूप लावायला सांगितलं. पंप चालू करायला आईंकडे दिलेली जाळीघराची किल्ली मी काढून घेतली. पुढचे दोन दिवस आमटीत मीठ नव्हतं. तिसऱ्या दिवशी मात्र पानात माझी आवडती वालाची उसळ पडली आणि मी ओळखलं, प्रचार सुरू झाला.

“केतकी, लेकुरवाळीचा घडही काही लहान नाही हं,” उसळ वाढता वाढता त्या म्हणाल्या.

“आई, एकटीच पुढे जाणार.”

“आणि एकदा घड कापला की एकटी संपली. मग? दर वेळी तुमच्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन रोप मागायचं? आजवर केळ कधी कुणाच्या दारात गेली नाही. एकदा लावली की घरचीच.”

ह्या बोलण्यात तथ्य होतं, त्यामुळे मला जास्तच राग आला. मी निनादकडे बघितलं. तो अर्नाळा ते दातिवरे सौरबोट चालवतो.

“माझ्याकडे बघू नका,” तो म्हणाला. “मला दोन्ही काठ सारखे.”

“बायकोच्या बाजूने बोल की!”

“आईच्या बाजूने बोल की!” दोघी एकदमच म्हणालो. तो ताट घेऊन ओटीवर जेवायला गेला.

दोन्ही रांगा मात्र दिमाखात उभ्या होत्या. एकाही झाडाचं पान पिवळं पडलं नाही. मी प्रयोगशाळेत नाचले, खोटं कशाला बोलू? मग लेकुरवाळीचा एक मुनवा काढला. देखणा, तलवारीसारख्या पानांचा, कुठेही डाग नाही. त्याच्या कंदाचा कणभर तुकडा जनुकं वाचणाऱ्या यंत्रात घातला. हे यंत्र आता खिशात मावतं. समोर येईल त्या जिवाचं नाव सांगतंच, शिवाय तो कुणाच्या वंशातला तेही सांगतं.

मुनव्यात बुरशी होती. प्रत्येक मुनव्यात. निरोगी दिसणाऱ्या त्या पोरांच्या पोटात मर मजेत बसला होता. माझी शंका खरी ठरली आणि ती सिद्ध केली आईंच्या त्या मूठभर मातीने. माझं काम झालं होतं. पण घरी जायच्या ऐवजी गाडीत बसून राहिले.

घरी आई पोहे निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. आडून आडून सांगायला मला जमत नाही.

त्या ऐकत राहिल्या. पोह्यांतला हात थांबला.

“म्हणजे दिसायला चांगला असतो, पण आतून तो आजार घेऊन जातो.”

“हो.”

“आपलं विहिरीजवळचं बेटसुद्धा बरेच दिवस चांगलं दिसत होतं गो.”

मी पोह्यांतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

“केळव्याच्या अलकाची केळ आपल्याआधी गेली. शेवटचा मुनवा तिनेच नेला होता, तिचं पहिलं बेट वादळात पडलं म्हणून. माझ्याच हाताने खणला. माती मीच बांधली.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तुझं ते यंत्र सांगेल का, तिच्या केळीत कुठली बुरशी होती?”

“कशाला आई? काय उपयोग आता?”

“सांगेल का?”

सांगणार होतं. रोग आला तेव्हा गावोगावच्या मेलेल्या खोडांचे नमुने प्रयोगशाळेने गोठवून ठेवले होते. ही बुरशी गावागणिक जरा जरा बदलते, बोली बदलते तशी. दुसऱ्या दिवशी मी केळव्याचा, अलकाआत्यांच्या परसातला नमुना काढला. आमच्या विहिरीजवळच्या बुरशीची ती सख्खी लेक निघाली. खोटं बोलायचं मनात आलं होतं, पण आईंनी माझं तोंड बघितलं आणि विचारलंच नाही.

सकाळी त्या नवं लुगडं नेसून दारात उभ्या. “चल. केळव्याला जाऊ. तिला मी स्वतः सांगणार.”

दातिवऱ्यापर्यंत निनादच्याच बोटीने गेलो, पुढे रिक्षाने. पूर्ण खाडीभर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. मी त्यांचा हात धरला, त्यांनी धरू दिला. एरवी म्हणाल्या असत्या, मी काय म्हातारी झाले?

अलकाआत्या म्हणजे आईंची सगळ्यात धाकटी नणंद. आम्हाला बघून त्यांनी हातातली बादली खाली टाकली. “वहिनी! तू? वाट चुकलीस की काय?”

आई ओटीवर चढल्याच नाहीत. अंगणात उभ्या राहूनच बोलल्या, “अलका, तुझी केळ माझ्यामुळे मेली. मी दिलेल्या मुनव्यात रोग होता. मातीत होता. केतकीने तपासलंय. तुझी मेली, तुझ्या शेजारच्या दोन वाड्या मेल्या. मला माहीत नव्हतं गो.” आणि रडायला लागल्या. माझ्या सासूबाईंना रडताना मी पहिल्यांदा बघत होते. मला माझ्या यंत्राचा, माझ्या शिक्षणाचा, सगळ्याचाच राग आला.

अलकाआत्यांनी त्यांना दंडाला धरून ओटीवर आणलं, बसवलं, पाणी दिलं. मग कमरेवर हात ठेवून त्या समोर उभ्या राहिल्या.

“झालं रडून? आता माझं ऐक. केळ मेली तर मेली, मी तिथे पपई लावली. त्याचं काय घेऊन बसलीस? ती मेल्यापासून तू ह्या घरात पाऊल टाकलं नाहीस, त्याचं बोल. आधी दर हंगामाला यायचीस घड न्यायला, सुकेळीसाठी. चार दिवस राहायचीस. रात्र रात्र गप्पा मारायचो. घड संपले आणि तू यायची थांबलीस. मला वाटायचं, वहिनीला आपण हवे होतो की केळी?”

आईंनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. “अगो, कामाशिवाय कसं यायचं? रिकाम्या हाताने, उगीच?”

“उगीच ये ना! कोण हाकलतंय?”

“सवय नाही गो उगीच यायची,” आई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या.

मग दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. मी पपया मोजत बसले. दुपारी जेवून, झोपून, चहा पिऊन शेवटच्या बोटीने परत आलो. आईंच्या पिशवीत पपया होत्या आणि बोटीत त्या अखंड बोलत होत्या. मधेच थांबून मला म्हणाल्या, “एकटीचंच नाव कळव. मुनवा बंद म्हणजे बंद. माझ्या मिहिकाच्या हातून चौलच्या वाड्या मरायला नकोत.”

मी हो म्हटलं. मी जिंकले होते आणि मला जराही बरं वाटत नव्हतं. रात्री निनादला म्हटलं, लेकुरवाळीच ठेवू या का, काहीतरी मार्ग काढू. तो म्हणाला, “तुझं खरं होतं आणि आता आईही तुझ्या बाजूला आलीय. आता तू तिकडे जाऊ नकोस, माझी बोट एकच आहे.”

एकटीचं नाव गेलं. ती मुनव्यातून पसरत नाही म्हणून समितीने काही घरांच्या परसात ती लावून बघायला लगेच परवानगी दिली. त्या घरांत चौलचं घर मी घातलं. ज्या दिवशी लेकुरवाळीच्या पेशी नष्ट करायच्या, त्या दिवशी आई म्हणाल्या, मी येणार. प्रयोगशाळेत त्या ह्याआधी कधी आल्या नव्हत्या. पांढरा कोट घातला, केसांवर टोपी घातली, आणि आरशात बघून म्हणाल्या, “मिहिकाच्या सासरच्यांना फोटो पाठव.”

लेकुरवाळीचे फ्लास्क वाफेच्या मोठ्या भांड्यात ठेवले. आईंनी काचेवरून एकदा हात फिरवला. “जा बाई,” म्हणाल्या. मी झाकण लावलं. माझे डोळे भरून आले होते. आईंनी कोटाच्या बाहीने माझं नाक पुसलं, निर्जंतुक कोटाच्या.

मग त्या फिरत्या फ्लास्कांपाशी जाऊन उभ्या राहिल्या. एकटीच्या पेशी गरागरा फिरत होत्या.

“ही तर साबुदाण्याची पेज. ह्यातून झाडं?”

“प्रत्येक दाण्यातून.”

“आणि हे असं किती वर्षं फिरत राहणार?”

“फार नाही. पेशी म्हाताऱ्या होतात, आई. वाढता वाढता त्यांच्यात चुका साचतात. मग झाडं खुजी निघतात, पानं वाकडी येतात. थोड्या आम्ही गोठवून ठेवतो, पण ताज्यांची सर नाही. वर्षभरात नवं केळफूल आणायचं आणि पहिल्यापासून सगळं करायचं.”

“कुठून आणायचं?”

“जिथे एकटी लावली असेल तिथून. घड पडला की त्याच्या टोकाचं फूल. ते हवेत लोंबतं, मातीला लागत नाही, म्हणून रोगाची भीती नाही. फक्त ताजं पाहिजे. कापलं की त्याच दिवशी इथे पोचलं पाहिजे.”

आई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे काही उजाडलं, ते मी विसरणार नाही.

“त्याच दिवशी? कुरियरने नाही?”

“कुरियरवाले उन्हात टाकतात. कुणीतरी हातात घेऊन आलं तर उत्तम.”

“म्हणजे जिच्या घरी केळ, तिने स्वतः घेऊन यायचं. इथे. आगाशीला.”

“हो, पण वर्षातून एकदाच, आई. आणि एकाच घरचं पुरतं.”

पण त्या पुढचं ऐकत नव्हत्या. फ्लास्क फिरत होते आणि माझ्या सासूबाई त्यांच्याकडे बघून गालातल्या गालात हसत होत्या.

मिहिकाचं लग्न छान झालं. मिक्सरही मिळाला. दुसऱ्या दिवशी ती निघताना आईंनी मागच्या दारातून एक ट्रे आणला. एकटीची बारा रोपं, वीतभर उंचीची, पिशव्यांतली. मी त्यांना दोन दिली होती, बाकीची त्यांनी परस्पर बोंद्रे सरांकडून आणली होती. सर सुकेळीच्या आशेने काहीही देतात.

“ही घे. पण सगळी एकदम लावू नकोस,” आई म्हणाल्या. “दर महिन्याला एक लाव. म्हणजे मग दर महिन्याला एक घड पडेल, दर महिन्याला एक केळफूल येईल. ते कापायचं आणि त्याच दिवशी इकडे आणून द्यायचं. ताजंच लागतं. केतकीच्या संशोधनाचा प्रश्न आहे.”

“आई,” मी म्हटलं, “मला वर्षाला एकच...”

“तू थांब.”

“आणि वर्षभर रोपं पिशवीत राहत नाहीत. मुळं गुंडाळतात, मरतील.”

आईंनी ट्रेमधलं एक रोप उचलून मिहिकाच्या हातात दिलं आणि ट्रे स्वतःच्या मागे घेतला.

“मग आत्ता एकच ने. बाकीची मी इथे मोठ्या कुंड्यांत सांभाळते. दर महिन्याला येऊन एक घेऊन जात जा.”

अंगणात सगळे हसले. जावईबापूही. मिहिका हसता हसता रडायला लागली, साडीला माती लागेल म्हणून रोप लांब धरून. “आई, त्यापेक्षा सरळ सांग ना मला, येत जा म्हणून.”

“ते काय सांगायचं असतं?” आई म्हणाल्या. ट्रे त्यांनी माझ्या हातात दिला, पदराने तोंड पुसलं, लेकीचा गाल धरला.

“येत जा गो,” त्या म्हणाल्या. “उगीचच येत जा.”